माळावर झाड लावण्याआधी ओल वाचायला शिका

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की ऊस, पंचगंगेचा पूर आणि गुडघाभर चिखल आठवतो. जिल्ह्याची पूर्व बाजू त्याला ठाऊक नसते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, शिरोळच्या अंगाला, तोच पाऊस पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीवर ढग रिकामे झाल्यावर उरलंसुरलं ते आळत्याचा डोंगर, रामलिंग, बाहुबली या बाजूच्या माळांना मिळतं. खाली नदीच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि त्याच्याच डोक्यावर फेब्रुवारीत करपलेला माळ.

दर जूनमध्ये अशा माळांवर मोठ्या उत्साहानं झाडं लागतात. पुढच्या मार्चमध्ये जाऊन बघा, बऱ्याच खड्ड्यांत काडी उभी असते. रविवारी वृक्षारोपणाला जाणारी मंडळी, गावाकडचा दहा-वीस गुंठे पडीक तुकडा नव्यानं हातात घेतलेले, बोअर नसताना चार फळझाडं जगवू पाहणारे, अशा नव्या लोकांसाठी हे लिहितो आहे. सांगायचं आहे ते एकच: झाड पावसावर जगत नाही, मातीत मुरलेल्या ओलीवर जगतं. पाऊस किती पडला हे विचारण्यापेक्षा तो किती खोल गेला आणि किती दिवस टिकला हे बघायला शिका. त्याला महागडी साधनं लागत नाहीत. एक पहार, एक लोखंडी सळी आणि स्वतःचा हात पुरतो.

पावसाच्या आकड्यावर विसंबू नये याचा पुरावा पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आहे. तिथं पावसाची कमी नाही. पण जांभ्या दगडाच्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, कारण त्यांचं सगळं आयुष्य पावसाळ्यातच आटोपतं. फेब्रुवारीत तोच कातळ उघडा आणि तापलेला असतो. मोठं झाड दिसतं ते फक्त खडकाला भेग आहे तिथं. भरपूर पावसाच्या जागी झाडाच्या दृष्टीनं दुष्काळ असू शकतो, तसंच कमी पावसाच्या माळावर एखाद्या भेगेत कडुनिंब पन्नास वर्षं उभा राहू शकतो.

आधी मार्चमध्ये माळ फिरून या

नवा माणूस जूनमध्ये माळावर जातो तेव्हा सगळंच हिरवं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी लवकर जा. गवत वाळलेलं असतं. त्या वेळी जे हिरवं दिसतं ते खालच्या ओलीवर जगतं आहे असं समजा. गवताची मुळं बहुतेक वरच्या फूटभरात पसरतात आणि तिथली ओल दिवाळीनंतर संपत जाते. बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब यांची मुळं खडकाच्या भेगांतून कितीतरी खाली जातात. म्हणून उभं असलेलं प्रत्येक झाड तुम्हाला त्याच्याखालची गोष्ट सांगत असतं.

कुसळी गवत विरळ, वीतभर उंचीचं आणि दसऱ्यापूर्वीच पिवळं पडत असेल तर तिथं माती पातळ आहे. मारवेल दाट असेल आणि उशिरापर्यंत हिरवा राहत असेल तर मातीला खोली आहे. शेर, निवडुंग, घायपात यांच्या जागा वेगळ्या ओळखा. निवडुंग आणि घायपात दिवसा पानांची किंवा खोडाची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात हवा घेतात, त्यामुळे दुसरं काही तगत नाही तिथंही ती तगतात. अशा जागी आंबा लावायचा विचार सोडून द्या. उतारावर झाडं एका रेषेत उभी दिसली तर त्या रेषेखाली बहुधा खडकाची भेग किंवा पाझर असतो. जुने दगडी ताल (उतारावर आडवे रचलेले दगडांचे बांध) असतील तर त्यांच्या वरच्या अंगाला गाळ साठून मातीची खोली वाढलेली असते. पहिली झाडं लावायला यापेक्षा चांगली जागा माळावर मिळणार नाही.

माळ झाडीखाली येऊ शकतो का, अशी शंका असेल तर कोल्हापुरातच सागरमाळावर शिवाजी विद्यापीठाचं आवार फिरून बघा. १९६२ साली विद्यापीठ सुरू झालं. तिथली तळी, शेततळी आणि आजची झाडी एकत्र बघितली की पाणी अडवणं आणि झाड वाढणं यांचा संबंध डोळ्यांना दिसतो.

मग खड्डा घ्या आणि माती उलगडून बघा

एप्रिलमध्ये तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या: माथ्यावर, मध्य उतारावर आणि पायथ्याला. जमलं तर तीन फूट, नाहीतर पहार जिथं ठणकन वाजेल तिथपर्यंत. खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं साफ करा आणि थर मोजा. वर किती माती, त्याखाली किती मुरूम, खडक कुठं लागतो, पांढरे चुनखडीचे खडे दिसतात का. मुरूम सुटा, बोटानं उकरता येणारा असेल तर घाबरू नका, मूळ त्यात शिरतं. अखंड कातळ असेल तर तिथं फक्त गवत राखा.

या खोलीवरून तुमच्या जमिनीत किती ओल मावते याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. झाडाला घेता येईल असं पाणी, एक मीटर खोलीच्या काळ्या मातीत, दोनशे मिलिमीटरपर्यंत मावतं. पोयट्यात (ना फार चिकण, ना फार वाळूसर अशा मध्यम मातीत) दीडशेच्या आसपास, भरड वाळूसर मातीत सत्तर-ऐंशी. आता समजा माथ्यावर भरड माती आहे आणि ती फक्त ३० सेंटिमीटर. म्हणजे तिथं २४ मिलिमीटर ओल मावणार. ऑक्टोबरच्या उन्हात झाडोरा दिवसाला चार मिलिमीटर पाणी सहज उडवतो. पावसानं पाठ फिरवल्यावर सहा दिवसांत ती जागा तहानलेली. पायथ्याला मीटरभर काळी माती असेल तर तीच मुदत पन्नास दिवसांवर जाते, आणि ओल कमी होत गेली की झाड स्वतःच खर्च आवरतं, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी लांबते. शिरोळ, हातकणंगल्याच्या खोल काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) याच हिशेबावर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, वरून पाऊस जवळजवळ नाही, आणि तरीही पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर कणीस भरतं.

इथं नव्या माणसाचा एक समज मोडायला हवा. काळी माती पाणी जास्त धरते म्हणून ती कोरड्या भागात नेहमीच चांगली, असं नाही. दहा मिलिमीटरची सर काळ्या मातीवर पडली तर ती वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच अडकते आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हात परत उडून जाते. मुळाला त्यातलं काही मिळत नाही. तीच सर भरड, मुरमाड जमिनीत बारा-पंधरा सेंटिमीटर खाली उतरते. तिथं ऊन पोचत नाही, आणि वर दगडगोटे असतील तर ते झाकणाचं काम करतात. म्हणून पाऊस कमी आणि किरकोळ सरींनी येणारा असेल तर दगडधोंड्यांच्या उतारावर झुडपं टिकतात आणि शेजारच्या काळ्या पट्टीत एप्रिलमध्ये नुसत्या भेगा असतात. त्या भेगांतून खालची ओलही उडत राहते. जोराचा मोठा पाऊस झाला तर चित्र उलटतं: भेगांतून पाणी थेट खाली जातं आणि काळी माती मोठा साठा करून घेते. तेव्हा माती चांगली की वाईट हे तिच्या रंगावरून ठरवू नका. तुमच्याकडे पाऊस कसा येतो आणि माती किती खोल आहे, दोन्ही मिळून ठरवा.

हाताला ओल ओळखता आली पाहिजे

पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घ्या. वरची घेऊ नका, ती फसवते. मूठ आवळा.

काळ्या मातीत हाताला पाणी सुटलं, बोटं बरबटली, तर रान जादा ओलं आहे. या अवस्थेत त्यात पाय घालू नका, खड्डे भरू नका. तुडवलेली काळी माती वाळल्यावर विटेसारखी होते आणि मूळ त्यात शिरत नाही. गोळा होतो, तळव्याला गार ओल लागते पण पाणी सुटत नाही, आणि अंगठ्यानं पुढं सरकवली तर बोटभर लांबीची पट्टी निघते, हा वाफसा. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निघून गेलेलं असतं, बारीक पोकळ्यांत ते धरलेलं असतं, आणि मुळाला पाणी नि हवा दोन्ही मिळतात. लागवड, भरणी, कोळपणी (कोळप्यानं वरची माती हलवून तण काढणं), सगळं याच घातीवर. गोळा होतो पण पट्टी लगेच तुटते, तेव्हा निम्मी ओल संपली असं धरा. ढेकूळ बोटांनी फुटत नसेल तर झाडापुरती ओल संपलेली आहे.

गंमत अशी की त्या कोरड्या ढेकळातही पाणी असतं. तव्यावर तापवलं तर वजन चांगलं दहा टक्क्यांहून अधिक घटू शकतं. पण चिकणमातीचे कण ते इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळाला सुटत नाही. हवेच्या दाबाच्या साधारण पंधरापट ओढ लावावी लागली की बहुतेक पिकं कायमची माना टाकतात. माळावरची हिवर-बोरासारखी झाडं त्याच्याही पुढं ओढू शकतात, म्हणून ती तिथं आहेत.

मुरमाड मातीत पट्टी निघणारच नाही. तिथं वाफशालाही गोळा कच्चा होतो, कमरेइतक्या उंचीवरून सोडला की फुटतो. गोळा होतच नसेल आणि माती बोटांतून नुसती गळत असेल तर ती कोरडी. दोन्ही मातींना एकच मोजपट्टी लावू नका. आठ-दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी मूठ आवळून बघितली की हात तयार होतो.

माती पाणी किती ओढीनं धरून आहे हे दाखवणारं टेन्शिओमीटर नावाचं साधन बाजारात मिळतं. ठिबकवरच्या ऊस-भाजीपाल्याला ते उपयोगी आहे. माळासाठी त्यावर पैसे घालू नका, कारण ते ऐंशी सेंटिबारपर्यंतच, म्हणजे हवेच्या एका दाबापेक्षाही कमी ओढीपर्यंतच, चालतं. माती त्याहून कोरडी झाली की नळीत हवा शिरते आणि काटा खोटं बोलतो. माळावर आपल्याला ज्या दिवसांची काळजी असते ते सगळे दिवस त्या आकड्याच्या पलीकडचे.

सळी: पाऊस किती खोल गेला

आठ-दहा मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांब लोखंडी सळी घ्या. एक टोक घासून बोथट गोल करा, दुसरं मुठीसाठी वाकवा. दर दहा सेंटिमीटरवर करवतीनं खूण करा. हेच तुमचं मुख्य साधन.

पाऊस थांबल्यावर लगेच सळी घालू नका, पाणी खाली उतरत असतं. भरड जमिनीत एक दिवस, काळीत दोन-तीन दिवस थांबा. मग दोन्ही हातांनी सरळ दाबा. ओल्या मातीत सळी एकसारख्या जोरानं जाते, कोरडा थर लागला की अडते. ती खूण म्हणजे ओलीची खोली. मुरमात दगड लागूनही अडते, तेव्हा दोन-दोन फुटांवर पाच-सहा ठिकाणी घालून बघा. सगळीकडे त्याच खोलीवर अडत असेल तर कोरडा थर, एखाद्याच ठिकाणी अडली तर दगड.

पत्र्याच्या सरळ डब्यात पाऊस मोजून ठेवला तर पावसाची आणि खोलीची सांगड लागते. पूर्ण वाळलेल्या जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस सावकाश पडला आणि वाहून गेला नाही, तर तो भरड मातीत साधारण ३० सेंटिमीटर, पोयट्यात १५ आणि काळ्या मातीत १० ते १२ सेंटिमीटर उतरतो. तुमच्या सळीचा आकडा यापेक्षा बराच कमी येत असेल तर पाणी मुरत नाही, वाहतंय. ही माळावरची सगळ्यात मोठी गळती. ती बुजवल्याशिवाय झाडांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

वाहणारं पाणी थांबवा, मग लागवड

उतारावर समतल चर काढा. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीसेक सेंटिमीटर खोल पुरतो. समपातळी डोळ्यानं ठरवू नका, गवंड्याकडची पाण्याची नळी वापरा. चर जरा जरी कलता झाला तर पाणी एका टोकाला धावतं आणि तिथून फोडून बाहेर पडतं. चरातली माती उताराच्या खालच्या अंगाला बांधासारखी रचा. झाड चराच्या तळाशी लावू नका, मोठ्या पावसात तिथं पाणी तुंबून मूळ गुदमरतं. बांधाच्या आतल्या कुशीला लावा, म्हणजे मुळाला चरात मुरलेली ओल मिळते आणि हवाही राहते. माळ छोटा असेल, मजूर परवडत नसतील, तर प्रत्येक झाडाच्या खालच्या बाजूला दगड-मातीचा अर्धगोल बांध घाला. दीड-दोन मीटर रुंदीचा अर्धगोल वरून येणारं पाणी झाडाच्या बुडाशी आणतो.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्या. दीड ते दोन फूट लांबी-रुंदी-खोली. भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत आणि आसपासचा पालापाचोळा घाला, मुरूम बाजूला काढा. खड्डा भरून जमिनीपेक्षा थोडा खोलगट ठेवा.

आता लागवड कधी? मेमध्ये वळवाची पहिली सर पडते, मातीचा वास सुटतो आणि सगळ्यांना खुरपी घ्यावीशी वाटतात. थांबा. त्या सरीनं मातीतले जिवाणू जागे होतात, साठलेलं नत्र मोकळं होतं, माळ आठवड्यात हिरवट दिसतो. पण सळी घाला: वरचे दहा सेंटिमीटर ओले आणि खाली भट्टी. कोरड्या मातीत मूळ पुढं जात नाही, ओलीच्या सीमेवर येऊन थांबतं. त्या वेळी लावलेलं रोप वरच्या थरात अडकतं, आणि मृगानं ओढ दिली की जातं.

सळी ४५ सेंटिमीटर आत गेल्याशिवाय रोप लावू नका, हा माझा नियम आहे आणि त्यात मी सवलत देत नाही. पूर्वेच्या माळांवर हा दिवस बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, तरण्या (पुनर्वसू नक्षत्राच्या) पावसात येतो. ५ जूनला पर्यावरण दिन असतो म्हणून त्याच दिवशी लावायचं, हे या भागात रोपांना मारक आहे. त्या दिवशी खड्डे भरा, चर नीट करा, रोपं महिनाभराने.

जमेल तिथं बी थेट टोका. चिंच, बोर, बाभूळ, खैर, कडुनिंब यांची बी जागेवर रुजली तर सोटमूळ सरळ खाली जातं. ही झाडं पहिल्या वर्षी वर फारशी वाढत नाहीत, खाली वाढतात. वर वीतभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ त्याच्या कितीतरी पट खोल असू शकतं. पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी गुंडाळलेलं असतं. ते लावायचंच असेल तर पिशवी पूर्ण फाडून वेटोळं झालेलं मूळ छाटून लावा.

झाडं निवडताना माथ्यावर हिवर, खैर, बोर, सीताफळ. मध्य उतारावर कडुनिंब, आपटा, चिंच. करंज, आंबा, जांभूळ पायथ्याला, जिथं सळी मीटरभर जाते. करवंदाचं किंवा बोराचं आधीचं झुडूप असेल तर ते तोडू नका. त्याच्या ईशान्येला, दुपारच्या उन्हाच्या आडोशाला, रोप लावा. झुडपाखाली माती गार राहते. काही खोल मुळांची झाडं रात्री खालची ओल वरच्या कोरड्या मातीत सोडतात, त्याचाही फायदा शेजारच्या कोवळ्या मुळांना होऊ शकतो.

साठलेली ओल राखणं

पावसाळ्यात रोपाचा खरा वैरी गवत असतं. वरच्या फूटभरातली ओल ते रोपाच्या आधी ओढून घेतं. रोपाभोवती मीटरभर घेर खुरपून साफ ठेवा. बाकी माळावरचं गवत उपटू नका, ते माती धरून ठेवतं. एक कोळपणी अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते खरं आहे. तण जातं, काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात, वरच्या भुसभुशीत थरामुळे खालची ओल वर येऊन उडत नाही. कोळपं चालत नसेल तिथं खुरपं.

सप्टेंबरचा परतीचा पाऊस झाला, सळी खोल गेली, की आच्छादन करा. आपल्याकडे यासाठी पाचटासारखी (उसाच्या वाळलेल्या पानांसारखी) गोष्ट आहे. तोडणीनंतर कितीतरी ठिकाणी ते पेटवून देतात. खाली नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारा, बहुतेक वेळा फुकट मिळतं. पहिल्या वर्षी आधीच्या हंगामातलं जमा करून ठेवावं लागेल, कारण ऊसतोड ऑक्टोबरनंतर सुरू होते. दहा-पंधरा सेंटिमीटर थर, खोडापासून हातभर लांब. माती कोरडी असताना आच्छादन करू नका, मग हलक्या सरी पाचटच पिऊन टाकतं आणि माती तशीच राहते. वाळवी दिसली तर थर पातळ करा.

डोंगराच्या ज्या भागात जानेवारीनंतर वणवा लागतो तिथं मात्र पाचट नको. तिथं दगडांचं आच्छादन करा. तळहाताएवढे चपटे दगड रोपाभोवती जवळजवळ मांडा. दगड जळत नाहीत, वाळवी त्यांना खात नाही. माळावर दगड आणायलाही जावं लागत नाही.

पाणी द्यायचं तर खोल द्या

पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल. इथं बहुतेकांचं चुकतं ते प्रेमापोटी. रोज तांब्याभर, दोन लिटर. हिशेब करून बघा. साठ सेंटिमीटर व्यासाच्या आळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. मग दोन लिटर म्हणजे सात मिलिमीटर पाणी. ते पाचेक सेंटिमीटर उतरतं आणि उन्हानं दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळं उडतं. तेच पाणी दहा दिवस साठवून एकदम वीस लिटर दिलं तर सत्तर मिलिमीटर होतं आणि भरलेल्या खड्ड्यात दीड फुटाच्या आसपास जातं. पाणी तितकंच, पण दुसऱ्या पद्धतीत ते मुळाखाली पोचलं. रोजच्या तांब्यानं मूळ वर येतं आणि एक आठवडा तुम्ही गावाला गेलात की झाड जातं. खोल पाण्यामागं मूळ खाली जातं.

आळ्याची कड दहा-बारा सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे वीस लिटर एकदम मावतं. पाणी संध्याकाळी द्या आणि दुसऱ्या दिवशी सळीनं खोली तपासा. वाहून आणायचं पाणी थोडं असेल तर मडकं पुरा. कुंभाराकडचं रंग न लावलेलं पाच-सात लिटरचं मडकं, गळ्यापर्यंत मातीत, रोपापासून वीतभर अंतरावर, तोंडावर झाकण. भोवतालची माती जितकी कोरडी तितकं ती मडक्यातलं पाणी ओढते, ओली असली तर पाझर मंदावतो. वर्षानंतर भोकं बुजतात, तेव्हा काढून घासून घ्या.

पाणी कधी द्यायचं हे पानावरून ठरवताना सावध राहा. दुपारी दोन वाजता मान टाकलेलं रोप तहानलेलंच असेल असं नाही, ते उन्हातला खर्च आवरत असतं. सूर्योदयापूर्वी जाऊन बघा. पहाटेही पानं मरगळलेली असतील तर ओल खरोखर संपली आहे. मात्र झाडाला त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. माती वाळू लागली की मुळं पानांना रासायनिक निरोप धाडतात, पानांची छिद्रं मिटू लागतात, नवी पानं आखूड येतात, शेंडा थांबतो. शेंडा पंधरा दिवस हलला नसेल आणि हंगाम वाढीचा असेल, तर पान सुकायची वाट न बघता माती हातात घ्या. खताचंही तसंच. कोरड्या मातीत टाकलेलं खत मुळापर्यंत जात नाही, कारण ते पाण्यातूनच पोचतं. ओल नसताना युरिया टाकणं म्हणजे पैसे टाकणं.

ओल असूनही झाड सुकतं तेव्हा

माळाच्या पायथ्याशी, उसाच्या रानालगत जमीन असेल तर हे नक्की वाचा. शिरोळ, हातकणंगल्याच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाणी देऊन आणि निचरा नसल्यानं मोठं क्षेत्र पाणथळ आणि क्षारपड झालं आहे. खालची पाणीपातळी वर येते, पाणी उन्हानं उडतं, क्षार मातीच्या तोंडाशी राहतात. सकाळी जमिनीवर पांढरट थर दिसतो, पीक ठिपक्याठिपक्यांनी मरतं. अशा मातीची मूठ आवळली तर ती ओली लागेल, पण त्या खारट पाण्यातून मुळाला पाणी ओढता येत नाही. रोप मान टाकतं, माणूस आणखी पाणी देतो आणि आणखी बिघडवतो. म्हणून सुकलेलं रोप दिसलं की पाण्याची घागर उचलण्याआधी मातीत हात घालायची सवय लावा. ओल आहे आणि तरी रोप सुकतंय, तर माती परीक्षण करून घ्या. विद्युत वाहकता (मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर जमीन क्षारयुक्त समजतात. तिथं आधी निचऱ्याचा चर, मग बाकी सगळं. परीक्षणासाठी तालुका कृषी कार्यालयात विचारा. तळसंदे आणि कणेरी इथं कृषी विज्ञान केंद्रंही आहेत.

पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, दुसऱ्या उन्हाळ्यात वीस-पंचवीस दिवसांनी वीस लिटर, असं अंतर वाढवत न्या. दुसऱ्या वर्षी आळं मोठं करून पाणी खोडापासून दूर द्या, कारण पाणी ओढणारी कोवळी मुळं तोवर बाहेर पसरलेली असतात. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पाणी बंद करा आणि दर महिन्याला पहाटे पानं बघा, शेजारी सळी घाला. वरचा दीड फूट ठणठणीत कोरडा आहे आणि पहाटेची पानं ताठ आहेत, तर मूळ त्याखालच्या ओलीला पोचलं. त्या झाडाचं पाणी तोडून ते पुढच्या खड्ड्याला द्या. पानं ताठ नसतील तर त्याला आणखी एक उन्हाळा सांभाळा.